२१०० सालचे ऊर्जा-आलेख आणि त्यांच्या पोटातले आकडे

अर्धवट_गणिती (धागाकर्ता)

मागच्या एका धाग्यावर '२१०० पर्यंत जगाचं उत्सर्जन किती होणार' यावरून बरीच हाणामारी झाली. एकाने एक आलेख डकवला, दुसऱ्याने बरोबर उलटा जाणारा डकवला, आणि दोघेही 'मॉडेल सांगतंय' म्हणून मोकळे झाले. तिथे लिहिलं असतं तर विषयांतर झालं असतं, म्हणून हा वेगळा धागा. माझं म्हणणं थोडक्यात असं: आलेखाची रेषा कुठे जाते हे सावकाश बघा, आधी तिच्या पोटात कुठले दोन-तीन आकडे घातलेत ते हुडका. बऱ्याचदा निकाल तिथेच लागलेला असतो.

सगळ्यात सोप्या मॉडेलपासून सुरू करू. योइची काया या जपानी अभ्यासकाने १९९० च्या सुमारास मांडलेलं समीकरण इथे अनेकांना माहीत असेल. उत्सर्जन = लोकसंख्या × दरडोई उत्पन्न × उत्पन्नाच्या दर एककामागे लागणारी ऊर्जा × ऊर्जेच्या दर एककामागे निघणारा कार्बन डायऑक्साइड. यात सिद्धांत वगैरे काही नाही. वरचे-खालचे पद उडवले की उत्सर्जन = उत्सर्जन एवढंच उरतं. पण लहान वार्षिक बदलांसाठी चार टक्केवाऱ्यांची नुसती बेरीज करता येते, आणि तिथेच गंमत सुरू होते.

कागद घ्या. लोकसंख्या वर्षाला ०.५% वाढते, दरडोई उत्पन्न २% वाढतं, ऊर्जा तीव्रता (वरच्या समीकरणातलं तिसरं पद) १% घटते, कार्बन तीव्रता (चौथं पद) ०.३% घटते. बेरीज १.२%. म्हणजे ८० वर्षांनी उत्सर्जन २.६ पट. आता बाकी कशालाही हात न लावता ऊर्जा तीव्रतेची घट १ ऐवजी १.५% करा: १.७५ पट. २.५% करा: ०.७९ पट, म्हणजे आजच्यापेक्षा कमी. जगाची ऊर्जा तीव्रता गेली काही दशकं ढोबळमानाने वर्षाला एक ते दोन टक्क्यांनी घटत आली आहे. म्हणजे इतिहासाकडे बोट दाखवून १ घेणाराही प्रामाणिक आणि २ घेणाराही प्रामाणिक. दोघांच्या २१०० मध्ये मात्र जमीन-अस्मानाचं अंतर.

मोठ्या मॉडेलांमध्ये हाच आकडा वेगळ्या नावाने बसलेला असतो. अ‍ॅलन मान आणि रिचर्ड रिचेल्स यांनी आपल्या मॉडेलमध्ये 'स्वायत्त ऊर्जा-कार्यक्षमता सुधारणा' असा एक गुणक ठेवला. इंधनाचे भाव वाढोत न वाढोत, दर वर्षी आपोआप होणारी सुधारणा. साधारण अर्धा ते एक टक्का धरायची पद्धत पडली. हा आकडा मोजून काढणं महाकठीण, कारण प्रत्यक्षात भाववाढीमुळे झालेली सुधारणा, जड उद्योगांकडून सेवाक्षेत्राकडे सरकलेली अर्थव्यवस्था आणि खरोखरची तांत्रिक प्रगती हे तिन्ही एकाच आकडेवारीत मिसळलेलं असतं.

हे नुसतं तात्त्विक वाटू नये म्हणून एक जुनी गोष्ट. अमेरिकेत १९७४ मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या ऊर्जा-धोरण प्रकल्पाने सन २००० साठी तीन सिनारिओ मांडले. जुनाच वेग राहिला तर सुमारे १८७ क्वाड, कार्यक्षमतेवर भर दिला तर १२४, आणि वाढ हळूहळू थांबवली तर १००. (क्वाड हे तिकडचं मोठं एकक, आकड्यांचं प्रमाण बघा म्हणजे झालं.) तिसऱ्या सिनारिओवर प्रचंड टीका झाली, वाढ थांबली की अर्थव्यवस्था बसणार असा सूर होता. सन २००० चा प्रत्यक्ष वापर सुमारे ९९ क्वाड निघाला, आणि अर्थव्यवस्था मधल्या काळात चांगली दुपटीवर गेली होती. त्या दशकातले बहुतेक अधिकृत अंदाज वरच्या बाजूला पार हुकले. कारण ऊर्जा आणि जीडीपी एकमेकांना बांधलेले आहेत हे त्यांच्यात गृहीत होतं, आणि १९७३ च्या तेलधक्क्यानंतर ती गाठ सैल झाली.

इथे मॉडेलांवर काम केलेलं कुणी आहे का? माझं ज्ञान वाचीव आहे. भर घाला.

निरांजन

रुमाल टाकून ठेवतो. सावकाश वाचून लिहितो.

कडू_कारलं

लेख झकास. पण मला यातून एवढंच कळलं की आधी उत्तर ठरवायचं आणि मग त्यावर संगणकाचा शिक्का मारायचा. मग हा खटाटोप करायचाच कशाला? सरळ सांगा ना, आम्हाला असं वाटतं म्हणून.

जुनं_कपाट

कारलंराव, तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा मीच देतो.

ऑस्ट्रियात लाक्सेनबुर्गला इयासा नावाची संस्था आहे. शीतयुद्धात दोन्ही गटांतल्या शास्त्रज्ञांनी एका छताखाली काम करावं म्हणून १९७२ मध्ये काढलेली. तिथे वुल्फ हेफेले यांच्या नेतृत्वाखाली अनेक वर्षं जागतिक ऊर्जेचा एक प्रचंड अभ्यास चालला आणि १९८१ मध्ये त्याचे जाडजूड खंड निघाले. २०३० पर्यंतचं चित्र. मॉडेलांची एक साखळी होती: एक मागणी काढणार, दुसरं पुरवठ्याचा स्वस्तात स्वस्त मार्ग काढणार, तिसरं त्याचा अर्थव्यवस्थेवरचा परिणाम, आणि मग पुन्हा पहिल्याकडे. निष्कर्षात ब्रीडर अणुभट्ट्या (जाळतात त्याहून जास्त अणुइंधन तयार करणाऱ्या) आणि कोळसा यांना मोठं स्थान.

नंतर तिथेच काम करायला आलेल्या बिल कीपिन नावाच्या तरुण विश्लेषकाने ती साखळी उलगडून बघितली. १९८४ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचा लेख आला. पुरवठ्याच्या मॉडेलचे निकाल त्यात हाताने भरलेल्या मर्यादांची जवळजवळ नक्कल होते. कोणतं तंत्रज्ञान किती वेगाने वाढू शकतं याच्या कमाल मर्यादा बाहेरून दिलेल्या, आणि मॉडेल प्रत्येक वेळी त्या मर्यादेला जाऊन टेकत होतं. शिवाय खर्चाचे आकडे थोडे हलवले की ब्रीडरचं चित्र पार बदलायचं. अहवालात मात्र हे निकाल 'मजबूत' म्हणून सादर झाले होते. फेऱ्या मारून स्थिरावणारी साखळीही कागदावर होती तेवढी प्रत्यक्षात चालत नव्हती.

या क्षेत्रातला हा सगळ्यात गाजलेला पंचनामा आहे आणि मॉडेल करणारे लोक आजही तो विसरलेले नाहीत.

कडू_कारलं

बघा! मी तेच म्हणतोय.

अर्धवट_गणिती

कपाट, ही माहिती सोन्यासारखी आहे, आभार.

कारलं, पण निष्कर्ष तुमचा नको. कीपिनला हे दाखवता आलं कारण त्याला आतले आकडे मिळाले. 'आम्हाला असं वाटतं' एवढंच लिहिलं असतं तर त्याने काय उलगडलं असतं?

आणि प्रत्येक निकाल भरलेल्या आकड्यांतच सापडतो असं नाही. एक उदाहरण. जीकॅम नावाचं मॉडेल आहे, १९८० च्या दशकातल्या एडमंड्स-रायली मॉडेलचा वंशज. त्यात ऊर्जा आणि जमीन एकत्र हिशेबात धरतात. २००९ मध्ये त्या गटाने एक प्रश्न टाकला: कार्बनवर कर बसवला, पण तो फक्त कोळसा-तेल-वायूवर, जमिनीतल्या आणि जंगलातल्या कार्बनवर नाही, तर काय होईल? मॉडेलने दाखवलं की इंधनपिकांना इतका भाव येतो की त्यांच्यासाठी आणि त्यांनी हुसकावलेल्या धान्यासाठी जंगलं मोठ्या प्रमाणावर साफ होतात. जंगलाच्या कार्बनलाही तोच भाव लावला की चित्र उलटं. हे उत्तर कुणी आत भरलेलं नव्हतं. जमीन एकच आहे आणि तिच्यावर तिघे हक्क सांगतायत, एवढाच ताळमेळ मॉडेलने घालून दिला. नुसत्या डोक्याने हे सुचलं असतं असं वाटतं खरं, पण त्याआधी बऱ्याच शहाण्या लोकांना ते सुचलं नव्हतं.

बॉयलरवाला

बराच काळ ऊर्जा नियोजनाच्या मॉडेलांवर हात काळे केलेत, त्यामुळे थोडं आतलं सांगतो. ज्यांना गणितात रस नाही त्यांनी हा प्रतिसाद उडवावा.

दोन घराणी आहेत. एक अर्थशास्त्र्यांचं, वरून खाली येणारं: अख्खी अर्थव्यवस्था, भांडवल, श्रम, आणि ऊर्जा हा त्यातला एक घटक. दुसरं आमचं अभियंत्यांचं, खालून वर जाणारं: प्रत्येक प्रकारची भट्टी, टर्बाइन, दिवा, इंजिन यांची यादी, प्रत्येकाचा भांडवली खर्च, आयुष्य, कार्यक्षमता. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली तयार झालेलं मार्कल, मग त्याची पुढची पिढी टाइम्स, आणि इयासाचं मेसेज ही या घराण्यातली. सगळी मुळात रेषीय प्रोग्रॅमिंगची: दिलेली मागणी भागवा आणि एकूण खर्च कमीत कमी ठेवा.

आता रेषीय प्रोग्रॅमिंगचा स्वभाव असा की 'अ' चा खर्च १०० आणि 'ब' चा १०१ असेल तर सगळं काम 'अ' ला. शंभर टक्के. दुसऱ्या दिवशी 'अ' १०२ झाला की सगळं 'ब' ला. खऱ्या जगात असं होत नाही; कुणाकडे जुनी यंत्रं असतात, कुणाला वायूची लाइन जवळ असते, कुणाला फक्त सवय असते. मग आम्ही काय करतो? मर्यादा घालतो. 'ब' दशकात इतक्याच पटीने वाढू शकतो, 'अ' इतक्या टक्क्यांच्या खाली जाणार नाही. मॉडेल शहाण्यासारखं वागायला लागतं. पण आता उत्तर खर्च ठरवतोय की माझ्या मर्यादा? कपाट यांनी सांगितलेला कीपिनचा मुद्दा नेमका हाच. अहवालाच्या परिशिष्टात मर्यादांचा तक्ता नसेल तर माझ्या मते तो अहवाल अर्धा आहे.

जीकॅमवाल्यांनी वेगळी वाट धरली. ते लॉजिट सूत्र वापरतात: स्वस्त पर्यायाला जास्त वाटा, पण सगळा नाही. समजा खर्च १०० आणि ११०, घातांक ६. तर वाटे साधारण ६४ आणि ३६. घातांक वाढवत नेला की हळूहळू 'सगळं स्वस्ताला' कडे सरकतं. छान गुळगुळीत. पण घातांक ६ च का? आणि सुरुवातीच्या वर्षाचे खरे वाटे जुळावेत म्हणून प्रत्येक तंत्रज्ञानाला एक भारांक द्यावा लागतो. तो भारांक २१०० पर्यंत तसाच ठेवायचा की हळूहळू सगळ्यांचा सारखा करायचा? आज १% वाटा असलेल्या तंत्रज्ञानाचं अख्खं भवितव्य या निवडीत असतं, आणि यावर कुठे चर्चा होताना मी फारशी ऐकलेली नाही.

शेवंता_क

बॉयलरवाला, मग सौरऊर्जेच्या बाबतीत सगळे तोंडघशी पडले ते यामुळेच का?

बॉयलरवाला

बऱ्याच अंशी हो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या वार्षिक अहवालांतले सौरऊर्जेचे अंदाज एकमेकांवर ठेवून काढलेला आलेख तुम्ही पाहिला असेल. प्रत्यक्षातली रेषा वर उसळतेय आणि दर वर्षीचा नवा अंदाज तिथून आडवा निघतोय. त्यांची बाजू मांडायची तर त्यातला मुख्य सिनारिओ 'आज जाहीर असलेली धोरणंच पुढे चालू राहिली तर' असा असतो, आणि धोरणं दर वर्षी बदलत गेली. पण तेवढ्याने सगळं माफ होत नाही.

खरी अडचण शिकण्याच्या वक्राची. १९३६ मध्ये थिओडोर राइट यांनी विमानांच्या कारखान्यांत पाहिलं की एकूण उत्पादन दुप्पट झालं की दर विमानामागचा श्रम ठरावीक प्रमाणात घटतो. सौर पॅनेलच्या बाबतीत हा दर साधारण २०%: एकूण क्षमता दुप्पट झाली की किंमत पाचव्या हिश्शाने खाली. जगाची एकूण सौर क्षमता २००० साली एक गिगावॅटच्या थोडी वर होती, २०२२ मध्ये १,००० गिगावॅट ओलांडली. म्हणजे जवळपास दहा वेळा दुप्पट. ०.८ चा दहावा घात ०.१०७, म्हणजे किंमत नवव्या हिश्शावर. यात कुठलाही चमत्कारिक शोध धरलेला नाही.

मग हे मॉडेलमध्ये का नव्हतं? काहींत होतं. पण किंमत उत्पादनावर अवलंबून आणि उत्पादन किमतीवर, असं लिहिलं की गणित बहिर्वक्र राहत नाही. एकापेक्षा जास्त 'सर्वोत्तम' उत्तरं निघतात आणि सॉल्व्हर, म्हणजे उत्तर शोधणारा प्रोग्रॅम, कुठल्यातरी एका खड्ड्यात अडकून बसतो. एका उत्तरात कुणीच सुरुवातीला महाग पॅनेल घेत नाही, म्हणून ती कधीच स्वस्त होत नाहीत. दुसऱ्यात सगळे घेतात, म्हणून होतात. दोन्ही आतून सुसंगत! यातून सुटायला किंमत बाहेरून वर्षागणिक दिली जायची, आणि देणारा माणूस सावध असायचा. सावधपणाची किंमत अशी मोजावी लागली.

निरांजन

हा प्रतिसाद वाचनखूण करून ठेवला. _/\_

ओवी

डिस्काउंट रेटबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही? या सगळ्या खेळातला हुकमी एक्का तो आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: शंभर वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या नुकसानीला आज किती मानायचं? दर १.४% धरला तर सुमारे २५ रुपये. ३% ला ५ रुपये. ५.५% ला पन्नास पैशांच्याही आत. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. हवामानबदलाच्या अर्थशास्त्रावरच्या २००६ च्या ब्रिटिश स्टर्न अहवालातला दर साधारण १.४ होता आणि येलचे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांच्या डाइस या हवामान-अर्थव्यवस्था मॉडेलच्या त्या काळच्या आवृत्तीत ५.५ च्या आसपास. एकाने 'ताबडतोब आणि मोठं' सांगितलं, दुसऱ्याने 'हळूहळू चढत्या क्रमाने'. हवामानाच्या विज्ञानात दोघांचं फारसं भांडण नव्हतं. नॉर्डहाउसना २०१८ चं नोबेल मिळालं तेव्हाही हा वाद मिटलेला नव्हता.

उद्या जन्मणाऱ्या माणसाचं दुःख आज जन्मलेल्यापेक्षा कमी, हे कुठल्या हिशेबात बसतं? फ्रँक रॅमसे यांनी १९२८ मध्येच पुढच्या पिढ्यांना असं कमी लेखणं नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही असं म्हणून ठेवलंय.

अर्धवट_गणिती

ओवी, मुद्दा मान्य, पण दोन गोष्टी वेगळ्या करू या. रॅमसेच्या सूत्रात दर दोन तुकड्यांचा बनतो. पहिला, शुद्ध अधीरता: केवळ नंतरचं आहे म्हणून कमी. स्टर्ननी तो ०.१% ठेवला, तोही मानवजातच नष्ट होण्याच्या शक्यतेपोटी, नॉर्डहाउसनी १.५%. दुसरा तुकडा म्हणजे वाढीचा दर गुणिले एक घातांक. पुढचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील तर त्यांच्या हातातला एक जादा रुपया त्यांना कमी सुख देतो, म्हणून गरीब आजीने श्रीमंत नातवासाठी किती पोटाला चिमटा घ्यायचा, हा प्रश्न. तो अनैतिक म्हणता येणार नाही. स्टर्ननी घातांक १ धरला, नॉर्डहाउसनी २.

नॉर्डहाउसची भूमिका अशी की बाजारात लोक प्रत्यक्ष जसं वागतात, भांडवलावर जो परतावा मिळतो, त्याच्याशी दर जुळला पाहिजे. स्टर्न म्हणतात, जे जन्मलेलेच नाहीत ते बाजारात कसे येणार? मला स्वतःला स्टर्न यांची अधीरता आणि नॉर्डहाउस यांचा घातांक पटतो. ही खिचडी दोघांनाही आवडणार नाही.

शेवंता_क

थांबा, या घातांकावर मला एक मूलभूत शंका आहे. श्रीमंत माणसाचा रुपया कमी मोलाचा, हे तत्त्व जर आज आणि २१०० मध्ये लावायचं, तर आजच्या श्रीमंत आणि आजच्या गरीब देशांमध्ये का नाही लावायचं? मग मॉडेलने पहिलं उत्तर हेच द्यायला हवं ना, की श्रीमंत देशांनी गरीब देशांकडे आत्ताच्या आत्ता ढिगाने पैसा पाठवावा?

बॉयलरवाला

ताई, बरोबर नस पकडलीत. अनेक प्रदेश असलेली मॉडेलं, उदाहरणार्थ नॉर्डहाउस यांचं राइस किंवा मान-रिचेल्स यांचं मर्ज, मोकळी सोडली तर नेमकं हेच उत्तर देण्याकडे झुकतात. सगळ्यांचा उपभोग समान होईपर्यंत पैसा गरीब प्रदेशांकडे वाहत राहतो. मग हा 'बिघाड' दुरुस्त करायला निगिशी भार लावतात. ताकाशी निगिशी या जपानी अर्थशास्त्रज्ञाच्या १९६० च्या एका प्रमेयावरून आलेले. प्रत्येक प्रदेशाच्या सुखाला असा भार द्यायचा की जादा रुपयाचं मोल सगळीकडे सारखं दिसेल. म्हणजे गरिबाच्या सुखाला कमी भार, श्रीमंताच्या सुखाला जास्त. आजची उत्पन्नाची वाटणी जशी आहे तशी गोठली, मॉडेल गप्प.

शेवंता_क

म्हणजे काळाच्या अक्षावर समतेचं तत्त्व लावायचं, कारण त्याने आजचा खर्च कमी होतो. आणि नकाशावर तेच तत्त्व काढून टाकायचं, कारण त्याने आजचा खर्च वाढतो. उत्तम.

बॉयलरवाला

हेतू असा होता असं मी म्हणणार नाही. जागतिक पुनर्वाटप हा हवामान मॉडेलचा विषय नाही, ते राजकारण्यांचं काम, असं त्यांचं समर्थन असतं. पण परिणाम तुम्ही म्हणता तसाच. आणि हे भार कोडमध्ये असतात, आलेखाखालच्या टिपेत क्वचितच.

कडू_कारलं

+१००० शेवंता. या धाग्यावरचा सर्वोत्तम प्रतिसाद.

जुनं_कपाट

गरीब-श्रीमंत निघालंच आहे तर आणखी एक जुना वाद. आयपीसीसीने (संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती) २००० मध्ये उत्सर्जनाचे ४० सिनारिओ काढले, चार कथानकांत विभागलेले. त्यात देशांची उत्पन्नं बाजारातल्या चलनदराने मोजली होती. इयन कासल्स आणि डेव्हिड हेंडरसन या दोन ज्येष्ठ संख्याशास्त्री-अर्थशास्त्र्यांनी हरकत घेतली: चलनदराने गरीब देश खऱ्यापेक्षा जास्त गरीब दिसतात, मग शतकाअखेर ते श्रीमंतांच्या जवळ यायचे तर त्यांची वाढ अवाच्या सवा धरावी लागते, आणि त्यामुळे उत्सर्जन फुगतं. क्रयशक्तीने मोजा, म्हणजे त्या पैशात तिथे प्रत्यक्ष किती घेता येतं त्यावरून.

सिनारिओवाल्यांचं उत्तर असं की मोजपट्टी बदलली तर ऊर्जा तीव्रताही त्याच मोजपट्टीने मोजावी लागते. चलनदराने ती गरीब देशांत फार जास्त दिसते, म्हणून ती वेगाने सुधारतेय असंही दिसतं. दोन चुका बऱ्याच प्रमाणात एकमेकींना खातात. मला हे उत्तर पूर्ण नसलं तरी बरंचसं पटलं. कायाच्या समीकरणात एका पदाचं एकक बदललं की शेजारच्याचंही बदलतं, धाग्याच्या सुरुवातीलाच हे आलंय. पुढच्या पिढीच्या सिनारिओंत क्रयशक्तीच वापरली गेली.

ओवी

नुकसानीच्या बाजूबद्दलही कुणीतरी लिहा. डाइसच्या २०१६ च्या आवृत्तीत ३ अंश तापमानवाढीला जगाच्या उत्पन्नाचं नुकसान फक्त २ टक्क्यांच्या आसपास. आणि ६ अंशांना साडेआठ! सहा अंशांवर जग ओळखू तरी येईल का?

अर्धवट_गणिती

सूत्र वर्गाचं आहे म्हणून तसं येतं: तापमान दुप्पट, नुकसान चौपट. आजच्या एखाद्या अंशाच्या अनुभवावरून वक्र बसवायचा आणि तो सहापर्यंत ताणायचा. अर्थशास्त्रज्ञ मार्टिन वाइट्झमन यांचा आक्षेप हाच होता की कमी शक्यतेच्या पण भयानक टोकाला नेमकं काय होतं हे वक्र सांगूच शकत नाही, आणि खरी भीती त्या टोकाचीच.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. १९९१ मध्ये नॉर्डहाउसनी अमेरिकेच्या उत्पन्नाची विभागणी केली तेव्हा सुमारे ८७% भाग हवामानाचा नगण्य परिणाम होणाऱ्या क्षेत्रांत टाकला होता. छपराखाली चालणारी कामं, कारखाने, सेवा. शेतीचा उत्पन्नातला वाटा लहान, म्हणून शेतीचं नुकसानही लहान. पण शेतीचा वाटा लहान आहे तो धान्य मुबलक आहे म्हणून. धान्याची टंचाई झाली तर भाव असे चढतील की तोच वाटा मोठा होऊन बसेल. वाट्यावरून महत्त्व मोजायचं तर ते मुबलकता टिकून आहे तोवरच. २०२३ च्या आवृत्तीत ३ अंशांचं नुकसान ३ टक्क्यांच्या वर नेलंय, पण सूत्राचा साचा तोच.

निरांजन

एक बावळट प्रश्न. २ अंशांच्या आत राहण्याचे जे सिनारिओ असतात त्यांत शतकाच्या उत्तरार्धात उत्सर्जन शून्याच्या खाली कसं जातं?

बॉयलरवाला

बावळट नाही. पिकं वाढवायची, जाळून वीज करायची, धुरातला कार्बन पकडून जमिनीत गाडायचा. कागदावर झकास. आणि ओवी यांचा एक्का इथे पुन्हा बाहेर येतो. बरीच मॉडेलं ५% च्या आसपास दर वापरतात. २०७० मध्ये करायचा महागडा खर्च त्या दराने आज चिल्लर दिसतो, म्हणून मॉडेल म्हणतं आत्ता निवांत जाळा, नंतर उपसून काढू. २०१९ च्या एका अभ्यासात दर ५ वरून २ वर आणला तर आजचा कार्बनभाव दुपटीहून जास्त झाला आणि कार्बन बजेटच्या (ठरलेल्या तापमानाच्या आत राहायचं तर एकूण किती उत्सर्जन चालेल त्या मर्यादेच्या) बाहेर जाण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी. तंत्रज्ञान तेच, हवामान तेच.

कडू_कारलं

बरं, शेवटी मीच विचारतो. हे घरी बसून चालवून बघता येतं का? की संस्थांच्या तिजोरीत कुलूपबंद?

बॉयलरवाला

येतं की! जीकॅमचा कोड खुला आहे, मेसेजचीही खुली आवृत्ती आहे. पण पहिल्याच दिवशी तिथे जाऊ नका, डोकं फिरेल. ऊर्जा नियोजन शिकायचं तर ओसेमोसिस घ्या, खास खुलं आणि लहान ठेवलेलं आहे. आणि डाइस तर एक्सेलमध्ये उघडता येतं. अधीरतेचा दर आणि नुकसानीचा गुणक हे दोन कप्पे शोधा, त्यांत आकडे बदला, सॉल्व्हर पुन्हा चालवा आणि कार्बनच्या भावाचा रकाना बघा.

कडू_कारलं

उघडलं. यात पाच-पाच वर्षांचे टप्पे का आहेत? वर्ष-वर्ष का नाही?

बॉयलरवाला

जुन्या आवृत्त्यांत तर दहा-दहा वर्षांचे होते. गणित आटोपशीर राहावं म्हणून. लांब पल्ल्याच्या बऱ्याच मॉडेलांत पाच किंवा दहाचे टप्पे असतात. त्यामुळे मंदी, तेलधक्का, महासाथ असलं काहीही त्यांत उमटत नाही, सगळं टप्प्याच्या सरासरीत विरून जातं. २०२० ला जगाचं उत्सर्जन पाच-एक टक्क्यांनी आपटलं आणि पुढच्याच वर्षी जवळजवळ भरून निघालं. तुमच्या तक्त्यात २०२० आणि २०२५ यांच्यामध्ये त्याला जागाच नाही. सॉल्व्हर अडकला तर सुरुवातीच्या किमती आवृत्तीसोबत येतात त्याच ठेवा आणि एका वेळी एकच कप्पा बदला.